‘की’ आणि ‘अ‍ॅटर’: बोटो३ मधल्या सारख्या दिसणाऱ्या दोन अटी

पायथनमधून डायनॅमोडीबी हा अ‍ॅमेझॉनचा डेटाबेस वापरणाऱ्या कोडच्या सुरुवातीला एक इम्पोर्ट हमखास दिसतो. अ‍ॅमेझॉनच्या सेवांसाठीची पायथन लायब्ररी म्हणजे बोटो३. तिच्या कंडिशन्स मॉड्यूलमधून ‘की’ आणि ‘अ‍ॅटर’ हे दोन क्लास आणलेले असतात. दोघांच्याही कंसात अ‍ॅट्रिब्यूटचं नाव द्यायचं, पुढे टिंब देऊन ‘ईक्यू’, ‘बिटवीन’ किंवा ‘बिगिन्स विथ’ लावायचं, की अट तयार. कोड रिव्ह्यू करताना या ओळींवरून नजर सरळ पुढे जाते, कारण दोन्ही वाचायला एकसारख्याच लागतात. काम मात्र अगदी वेगळं. ‘की’ने बनवलेल्या की-कंडिशनमुळे डेटाबेस मुळात कमी वाचतो. ‘अ‍ॅटर’ने बनवलेल्या फिल्टरमुळे तो वाचतो तेवढंच, फक्त आपल्याकडे कमी पाठवतो. आणि वाचनाचे युनिट, म्हणजे खर्चाचं माप, मोजले जातात ते वाचलेल्या डेटावर.

उदाहरणासाठी ऑर्डर्सचं एक टेबल घेऊ. पार्टिशन की म्हणजे ग्राहक क्रमांक, सॉर्ट की म्हणजे ऑर्डरची तारीख-वेळ. बाकी स्थिती, रक्कम, पत्ता वगैरे साधी अ‍ॅट्रिब्यूट्स.

डायनॅमोडीबी पार्टिशन कीचा हॅश (किमतीतून गणिताने काढलेला आकडा) काढून आयटम, म्हणजे टेबलातली एक नोंद, कुठल्या पार्टिशनमध्ये आहे ते ठरवतं, आणि एकाच पार्टिशन कीचे सगळे आयटम सॉर्ट कीच्या क्रमाने लावून ठेवतं. क्वेरी या रचनेवरच चालते: बरोबर जागी उडी मारायची आणि तिथून एक सलग पट्टा वाचत जायचा. की-कंडिशनचे नियम सुरुवातीला जाचक वाटतात, पण ते सगळे इथूनच आले आहेत. पार्टिशन कीवर फक्त ‘बरोबर’ चालतं, कारण हॅश नेमक्या किमतीचाच काढता येतो. सॉर्ट कीवर लहान-मोठं, ‘बिटवीन’ आणि ‘बिगिन्स विथ’ चालतं, कारण या प्रत्येकातून एक सलग पट्टा मिळतो. ‘बरोबर नाही’ चालत नाही, कारण त्यात पट्ट्याचे दोन तुकडे होतात. ‘किंवा’ सुद्धा त्याच कारणाने नाही. म्हणून ‘की’ क्लासवर ‘एनई’ नावाची मेथडच नाही. ‘कंटेन्स’, ‘एक्झिस्ट्स’, ‘इज इन’ या मेथडही फक्त ‘अ‍ॅटर’वर सापडतात. ‘की’कडे मेथड कमी म्हणून कुरकुर करणारे भेटतात. मला तो त्या क्लासचा सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो: जे स्वस्तात होऊ शकत नाही ते तो देतच नाही.

‘अ‍ॅटर’ची गोष्ट निराळी. ते फिल्टर एक्स्प्रेशनमध्ये जातं, आणि फिल्टर लागतो तो आयटम वाचून झाल्यावर, उत्तर पाठवण्याच्या आधी. वाचून टाकून दिलेल्या आयटमचे युनिटही मोजले जातात.

आकडे मांडले की फरक डोळ्यांत भरतो. एका ग्राहकाच्या १०,००० ऑर्डर्स आहेत, प्रत्येकी सुमारे १ केबीची, आणि त्यातल्या १२ प्रलंबित आहेत. ग्राहक क्रमांकावर क्वेरी आणि स्थितीवर ‘अ‍ॅटर’ लावला, तर हातात १२ आयटम येतात, पण वाचले जातात सगळे १०,०००. एक रीड युनिट म्हणजे ४ केबीपर्यंतचं एक स्ट्रॉंगली कन्सिस्टंट (हमखास ताजं उत्तर देणारं) वाचन. डीफॉल्ट असलेल्या इव्हेंच्युअली कन्सिस्टंट (कधी किंचित जुनं उत्तर देऊ शकणाऱ्या) वाचनाला त्याच्या निम्मं लागतं. म्हणजे या १२ ऑर्डर्ससाठी सुमारे १,२५० युनिट गेले. वर एका विनंतीत जास्तीत जास्त १ एमबी वाचलं जात असल्यामुळे फेऱ्याही दहाच्या आसपास झाल्या. तोच शोध सॉर्ट कीवर ‘बिटवीन’ लावून एका महिन्यापुरता केला आणि त्या महिन्यात ३०० ऑर्डर्स असल्या, तर खर्च ४० युनिटच्या आत आणि फेरी एकच. ग्राहक क्रमांकच न देता स्कॅन केला, म्हणजे पूर्ण टेबल वाचलं, तर २० लाख आयटमांच्या टेबलासाठी अडीच लाखांच्या आसपास युनिट जातील, मग उत्तरात एक आयटम येवो की एकही न येवो.

तारखांबद्दल जाता जाता एक गोष्ट. सॉर्ट की स्ट्रिंग असेल तर क्रम बाइट्सचा लागतो, कॅलेंडरचा नाही. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, शून्यं भरून लिहिलेली तारीखच ‘बिटवीन’ला नीट उत्तर देते. आणि ‘बिगिन्स विथ’ आकड्यांच्या कीवर चालत नाही.

दोन क्लास वेगळे आहेत म्हटल्यावर लायब्ररी चूक पकडेल असं वाटतं, पण ती एकाच बाजूने पकडते. की-कंडिशनच्या जागी ‘अ‍ॅटर’ दिला, तर विनंती जाण्याआधीच बोटो३ एरर देतं. उलट केलं, म्हणजे फिल्टरच्या जागी ‘की’ दिला, तर ते काहीच बोलत नाही. क्वेरीत असं केलं तर निदान सर्व्हर अडवतो, कारण क्वेरीच्या फिल्टरमध्ये प्रायमरी कीची अ‍ॅट्रिब्यूट्स चालत नाहीत. स्कॅनमध्ये मात्र ती चालतात. त्यामुळे ‘टेबल स्कॅन करा, फिल्टर म्हणून “की” ग्राहक क्रमांक बरोबर अमुक’ असा कोड बिनबोभाट धावतो, उत्तरही बरोबर देतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की इथे की वापरली आहे. डेव्हलपमेंटच्या टेबलात पन्नासच आयटम असतात, तिथे हे कधीच जाणवत नाही. अट कुठल्या क्लासची आहे यावरून काहीच ठरत नाही. ती कुठल्या पॅरामीटरमध्ये जाते आणि मेथड क्वेरी आहे की स्कॅन, एवढंच बघायचं.

‘लिमिट’ या पॅरामीटरमुळे गोंधळ आणखी वाढतो. लिमिट १० म्हणजे दहा निकाल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते मोजतं तपासलेले आयटम. पहिले दहा तपासले, फिल्टरमध्ये एकही बसला नाही, तर उत्तरात रिकामी यादी येते आणि सोबत ‘लास्ट इव्हॅल्युएटेड की’, म्हणजे वाचन कुठपर्यंत आलं त्याची खूण. यादी रिकामी दिसली म्हणून लूप थांबवणारा कोड ग्राहकाला ‘एकही ऑर्डर प्रलंबित नाही’ असं सांगून मोकळा होतो, आणि खऱ्या प्रलंबित ऑर्डर्स पुढच्या पानावर पडून राहतात. थांबायचं ते ‘लास्ट इव्हॅल्युएटेड की’ उत्तरात आली नाही तेव्हाच. आली तर ती पुढच्या विनंतीत ‘एक्स्क्लुझिव्ह स्टार्ट की’ म्हणून द्यायची. लिमिट दिलं नसलं तरी १ एमबीच्या मर्यादेमुळे हेच घडू शकतं.

अटी जोडतानाही एक सापळा आहे, आणि तो डायनॅमोडीबीचा नसून पायथनचा आहे. दोन अटी जोडायला अँपरसँड चिन्ह लागतं. पायथनचा ‘अँड’ हा शब्द इथे चालत नाही. अटीचा ऑब्जेक्ट पायथनच्या नजरेत नेहमीच खरा असतो, त्यामुळे ‘अँड’ पहिली अट टाकून देतो आणि दुसरी परत करतो. फिल्टरमध्ये हे झालं तर पहिली अट गुपचूप गायब, निकाल जास्तीचे, एरर नाही. की-कंडिशनमध्ये काय होईल ते लिहिण्याच्या क्रमावर ठरतं. ग्राहक क्रमांक आधी आणि तारीख नंतर असेल तर पार्टिशन कीच उडते आणि सर्व्हर तक्रार करतो. हे नशीब म्हणायचं. तारीख आधी असेल तर तारखेची अट उडते, आणि क्वेरी त्या ग्राहकाच्या आजवरच्या सगळ्या ऑर्डर्स आणत बसते.

एवढं असूनही हे हेल्पर क्लास वापरावेतच. ते नसतील तर एक्स्प्रेशन स्ट्रिंग म्हणून स्वतः लिहावं लागतं. ‘नेम’, ‘स्टेटस’, ‘डेट’ हे डायनॅमोडीबीचे राखीव शब्द असल्यामुळे त्यांच्यासाठी टोपणनावं ठरवावी लागतात, किमतींसाठी वेगळी. हेल्पर ती स्वतः बनवतो. फक्त रकमेसाठी फ्लोट देऊ नका, डेसिमल द्या. फ्लोट तो स्वीकारत नाही.

मग प्रलंबित ऑर्डर्स स्वस्तात कशा काढायच्या? जी अट वारंवार लागते ती ‘अ‍ॅटर’कडून ‘की’कडे न्यायची, म्हणजे टेबलाला ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (त्याच आयटमांची वेगळ्या कीने लावलेली प्रत) जोडायचा. त्याची पार्टिशन की ग्राहक क्रमांकच, पण सॉर्ट की स्थिती आणि तारीख जोडून बनवलेली एक स्ट्रिंग. ‘बिगिन्स विथ’ला प्रलंबित ही स्थिती दिली की बरोबर १२ ऑर्डर्सचा सलग पट्टा मिळतो. हीच स्ट्रिंग मुख्य टेबलाची सॉर्ट की करण्याचा मोह टाळा. स्थिती बदलते, पण आयटमची प्रायमरी की बदलता येत नाही, आयटम काढून नव्याने लिहावा लागतो. इंडेक्सच्या बाबतीत ते मुख्य टेबलातलं साधं अ‍ॅट्रिब्यूट असतं, अपडेट केलं की इंडेक्स मागोमाग बदलतो. मागोमाग म्हणजे लगेच नव्हे: या इंडेक्सवर स्ट्रॉंगली कन्सिस्टंट वाचन मिळत नाही, आणि प्रत्येक बदलाला लिहिण्याचा वेगळा खर्च आहे. ज्या आयटममध्ये इंडेक्सची कीच नाही तो इंडेक्समध्ये येत नाही, याचाही उपयोग होतो. ऑर्डर पूर्ण झाली की ते अ‍ॅट्रिब्यूट काढून टाकायचं. इंडेक्स आपोआप लहान राहतो.

प्रत्येक फिल्टरसाठी इंडेक्स काढत बसायचं कारण नाही. की-कंडिशनने पन्नास-शंभर आयटमांवर आणून ठेवलं असेल, तर उरलेली छाटणी ‘अ‍ॅटर’ने खुशाल करावी. महिन्यातून एकदा चालणाऱ्या एक्स्पोर्टला स्कॅनही चालतो. शंका असेल तिथे उत्तरातले ‘काउंट’ आणि ‘स्कॅन्ड काउंट’ शेजारी ठेवून पाहावेत. सगळ्या फेऱ्या मिळून पहिला १२ आणि दुसरा १०,००० असेल तर पुढे काही विचारायला नको.

पार्टिक्यूएलने हा प्रश्न सुटत नाही, उलट लपतो. डायनॅमोडीबीवर २०२० पासून एसक्यूएलसारखी वाक्यं लिहिता येतात, पण ‘व्हेअर’मध्ये पार्टिशन कीची नेमकी किंमत नसेल तर तो सिलेक्ट मुकाट्याने पूर्ण टेबल स्कॅन करू शकतो. बोटो३ मध्ये निदान क्वेरी आणि स्कॅन या दोन वेगळ्या मेथड आहेत, सर्च करून सापडतात.

एका ठिकाणी मात्र प्रायमरी कीवरसुद्धा ‘अ‍ॅटर’च लिहायचा असतो: कंडिशन एक्स्प्रेशन. नवी ऑर्डर लिहिताना जुनी पुसली जाऊ नये म्हणून ‘पुट आयटम’ला ‘अ‍ॅटर ग्राहक क्रमांक नॉट एक्झिस्ट्स’ अशी अट देतात. ही अट संपूर्ण टेबलात त्या ग्राहकाला शोधत नाही. लिहायच्या आयटमची पूर्ण की, म्हणजे ग्राहक आणि तारीख-वेळ, आधीच ठरलेली असते, आणि अट त्या एकाच जागेवर तपासली जाते. त्यामुळे त्याच ग्राहकाच्या इतर हजार ऑर्डर्स असल्या तरी नवी लिहिली जाते. नेमकी तीच आधीपासून असेल तरच नकार मिळतो. नकार मिळालेल्या त्या प्रयत्नाचेही लिहिण्याचे युनिट मात्र मोजले जातात.