श्रावणबाळचा अर्ज जन्मतारखेवर अडतो तेव्हा

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा अर्ज भरताना कधी तारीखच स्वीकारली जात नाही. कधी नोंद होते, पण ६७ वर्षांच्या आजीचं वय ६४ दिसतं. अशा वेळी चूक कागदात आहे की भरण्यात, हे आधी ठरवा. कागदातली चूक संगणकावर दुरुस्त करता येत नाही आणि करूही नये.

पात्रता थोडक्यात अशी: वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, आणि नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. सोबत आधार, रेशन कार्ड, पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो.

खरी अडचण वयाच्या पुराव्याची. जन्म नोंदवहीचा उतारा किंवा शाळेची टीसी असेल तर उत्तम. नसेल तर रेशन कार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय चालतं. तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला घ्यावा. त्यात वय अंदाजे असतं, म्हणून तपासणीची तारीख लिहून घ्याच; जन्मवर्ष तिच्यावरूनच निघतं. विदर्भात आणखी एक जागा शोधण्यासारखी आहे: तहसीलच्या अभिलेख कक्षातलं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. त्यात पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव, गाव आणि तारीख असते. म्हणून शोधाच्या अर्जात बापाचं नाव, गाव आणि अंदाजे वर्ष तिन्ही लिहा. भावंडांच्या नोंदीही निघू शकतात, तेव्हा कोणती कोणाची हे घरच्यांना विचारून पक्कं करा.

टीसीवर १ जून किंवा १ जुलै दिसली तर थबकू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या अशा तारखा खेड्यापाड्यांत सर्रास आढळतात. कागदावर आहे तीच तारीख भरायची.

आता भरण्यातल्या चुका. यादी एक्सेलमध्ये करून नंतर डेटाबेसमध्ये चढवणाऱ्या केंद्रचालकांनी हे नीट पाहावं. ०३/०७/१९५७ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ७ मार्च धरतो आणि काहीच सांगत नाही. दिवस १३ किंवा त्यापुढचा असेल तरच तारीख नाकारली जाते. त्यामुळे यादीतल्या काहीच नोंदी परत आल्या, तर आत गेलेल्याही तपासा, कारण त्यांतही दिवस-महिना उलटलेले असण्याचा दाट संभव आहे. डेटाबेस मायएसक्यूएल या प्रणालीत असेल तर तिला तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या: 1957-07-03.

वर्ष नेहमी चार अंकी लिहा. नुसतं ५७ लिहिलं तर एक्सेल साधारणपणे १९५७ समजतं, पण मायएसक्यूएल ०० ते ६९ या आकड्यांना २००० च्या पुढची वर्षं मानतं, म्हणजे २०५७. या योजनेतले जवळपास सगळेच अर्जदार नेमके त्याच टप्प्यात येतात. तारखेच्या जागी २१००४ असा आकडा दिसला तर घाबरू नका. तो एक्सेलचा दिवसांचा हिशेब आहे, रकाना तारखेच्या रूपात बदलला की ३ जुलै १९५७ परत दिसतं. ३१ जून किंवा २९ फेब्रुवारी १९५७ या तारखा मुळात नाहीतच, तिथे मूळ कागद पुन्हा वाचावा लागेल. मराठी कळफलकावरून टाकलेले देवनागरी अंकही नाकारले जाऊ शकतात, तेव्हा अंक इंग्रजी ठेवा. आणि तारीख माहीत नाही म्हणून ०१/०१ ठोकून देऊ नका. रकाना मोकळा ठेवा, कागद मागा.

पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून आधारवरची तारीख अर्जाशी जुळायला हवी. आधारवर फक्त जन्मवर्ष छापलेलं असेल, किंवा तारीख चुकीची असेल, तर आधी आधार केंद्रात दुरुस्ती करून घ्या. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून घाईत अर्धवट पुराव्यावर ती संधी घालवू नका. जन्म नोंदवहीतच चूक असेल तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार जिथे नोंद आहे त्या निबंधकाकडे अर्ज करावा. तो मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख करतो. लेखनिकाची साधी चूक असेल तर काम सोपं. तारीखच मुळापासून चुकली असेल तर माहिती असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचं निवेदन जोडावं लागतं.

दुरुस्त कागद घेऊन पुन्हा अर्ज देताना जुन्या अर्जाची पोच सोबत ठेवा, आणि नवी पोच घेताना तिच्यावरची जन्मतारीख तिथल्या तिथे वाचून घ्या.