पाठीत खंजीर दंतकथा

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत रूढ झालेला राजकीय प्रवाद. जर्मन सैन्य रणांगणावर हरले नाही, मायदेशातील समाजवादी, प्रजासत्ताकवादी व ज्यू यांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला, असा त्याचा आशय. व्हर्सायच्या तहाविरुद्धच्या (२८ जून १९१९) रोषाला त्याने घरातला शत्रू दाखवून दिला.

या शब्दप्रयोगाच्या उगमाबाबत एकमत नाही. पराभवाच्या कारणांचा शोध घेणाऱ्या संसदीय चौकशी समितीपुढे १८ नोव्हेंबर १९१९ रोजी युद्धकाळातील जर्मन सेनाप्रमुख हिंडेनबुर्खने तो एका इंग्रज सेनापतीचा म्हणून सांगितला. झुरिकच्या एका वृत्तपत्राने १७ डिसेंबर १९१८ रोजी तो ब्रिटिश जनरल फ्रेडरिक मॉरिस यांच्या नावावर घातला होता. मॉरिस यांनी तो नाकारला. हिंडेनबुर्खचा युद्धातील सहकारी सेनानी लूडेंडोर्फ याच्यासोबत जेवताना ब्रिटिश जनरल नील माल्कम यांच्या तोंडून तो निघाला, ही कथा नंतरची असल्याने दुय्यम मानावी लागते. म्यूनिकच्या सभेत २ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध चालू असतानाच, एर्न्स्ट म्यूलर-माइनिंगेन या उदारमतवादी पुढाऱ्याने आघाडीवर मागून खंजिराचा वार करू नका, असे बजावले होते. त्यामुळे मूळ जर्मन असणेच अधिक संभवनीय. हिंडेनबुर्खने पुढे जर्मन वीरकाव्यातील झीगफ्रीटच्या कथेचीही जोड दिली. ड्रॅगनच्या रक्तात न्हालेल्या या वीराच्या पाठीवर लिंडेनचे पान चिकटले होते, तेवढीच जागा कच्ची राहिली. तो झऱ्यावर वाकून पाणी पीत असता हागेनने तिथेच भाला मारला.

वस्तुस्थिती उलट होती. तातडीने युद्धविराम मागा, असा आग्रह २९ सप्टेंबर १९१८ रोजी स्वतः लूडेंडोर्फने धरला. सही करण्याची वेळ आली तेव्हा फ्रान्समधील काँप्येन्यच्या रेल्वे डब्यात मात्र मात्यिआस एर्त्सबेर्गर हा मुलकी पुढारी बसला होता. २६ ऑगस्ट १९२१ रोजी अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी त्याला गोळ्या घातल्या.

व्हर्सायच्या तहातील, युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे २३१ वे कलम, एक लाखावर आणलेले सैन्य व १९२१ मध्ये ठरलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई जर्मनांना जाचक वाटली. हा बोजा खरोखर असह्य होता का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. अलीकडचे अनेक संशोधक तसे मानत नाहीत. शिवाय नाझी पक्षाने तह रद्द करण्याची मागणी १९२० पासूनच केली, तरी १९२८ मध्ये त्याला २.६% मतेच मिळाली. जुलै १९३२ मधील ३७.३% मतांमागे महामंदी होती. अपमानाची भाषा तोवर तयार होती.

ज्यांना दगाबाज ठरवले त्या ज्यूंपैकी सु. १,००,००० जण जर्मन सैन्यात होते; सु. १२,००० कामी आले.