कल्याणची ३०९ आणि न आलेली जीटीआय

ठाण्यात गाड्यांचा नाद असलेली चार पोरं जमली की एक प्रश्न हमखास निघतो. स्विफ्ट आपल्याकडे इतकी खपते, मग तिची वेगवान आवृत्ती, स्विफ्ट स्पोर्ट, का मिळत नाही? ‘आपल्या लोकांना ॲव्हरेज हवं, दुसरं काय’ असं म्हणून मोठी माणसं विषय मिटवतात. मला हे उत्तर कधीच पटलं नाही. खरं कारण कराच्या तक्त्यात, पंपावरच्या पेट्रोलमध्ये आणि गाडीच्या आरसीत शोधावं लागतं. त्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करता येते.

१९९४ मध्ये प्रीमिअर आणि फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीत कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होऊ लागली. पद्मिनी आणि मारुती ८०० च्या जमान्यात ती खड्ड्यांवरून ज्या सहजतेने जायची, त्याची आठवण अजून काढली जाते. याच ३०९ ची युरोपातली वेगवान आवृत्ती, जीटीआय, १.९ लिटर इंजिनची आणि १३० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) होती. कल्याणहून मात्र १.४ पेट्रोल आणि १.५ डिझेलच बाहेर पडल्या. १९९७ पर्यंत भागीदारीच मोडली. नाव तेच, बॉडी तीच आणि इंजिन वेगळं, हा अनुभव आपल्याला तेव्हापासूनचा.

पण हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. इटलीत २००० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ३८ टक्के व्हॅट होता, खालच्या गाड्यांवर त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून खुद्द फेरारीने १९८० मध्ये घरच्या बाजारासाठी दोन लिटरची २०८ काढली. ती इतकी मंद निघाली की दोन वर्षांत तिला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) बसवावा लागला. बीएमडब्ल्यूने एम३ या आपल्या वेगवान गाडीचं २.३ लिटरचं इंजिन १९९० सीसीवर आणून ३२०आयएस बनवली, ती मुख्यतः इटली आणि पोर्तुगालसाठी. इंजिन किती मोठं करायचं हे तिथे इंजिनिअरच्या आधी कर खात्याने ठरवलं होतं.

जपानची गोष्ट याहून विलक्षण आहे. तिथे १९८० च्या दशकाअखेर रस्त्यावरच्या मृत्यूंचा वार्षिक आकडा दहा हजारांवर गेला, तेव्हा कंपन्यांनी आपसात ठरवलं की देशात विकायच्या गाडीची ताकद २८० पीएसच्या वर सांगायची नाही. कायदा नव्हता, पण हा संकेत १९८९ पासून २००४ पर्यंत पाळला गेला. त्यामुळे निसानची ३००झेडएक्स ट्विन टर्बो अमेरिकेत ३०० हॉर्सपॉवरची होती आणि तिच्या मायदेशात २८० पीएसची. कधी कधी कारण निव्वळ पैशाचं असतं. बीएमडब्ल्यूची ई३६ पिढीतली एम३ युरोपात २८६ पीएसची होती. अमेरिकेत ती स्वस्तात विकायची होती, म्हणून साधं, २४० हॉर्सपॉवरचं इंजिन दिलं गेलं.

आता स्विफ्टकडे येऊ. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अशा गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. स्विफ्ट स्पोर्ट ३.८९ मीटरची आहे, म्हणजे लांबीत बसते. अडते ती १३७३ सीसीच्या टर्बो इंजिनावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, पण रेघ तिथेच राहिली. पेट्रोलच्या लहान गाडीला १८ टक्के आणि १२०० सीसीच्या वर ४०. हॅचबॅकच्या किमतीत हा फरक कोण सोसणार?

या रेघेच्या आत राहून काय करता येतं, हे २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयने दाखवलं. १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस. ह्युंदाईने २०२१ मध्ये आय२० एन लाइन आणली, १.० लिटर आणि १२० पीएसची. युरोपातली आय२० एन १.६ लिटरची आणि २०४ पीएसची. एन लाइन चांगली गाडी आहे, पण नावातल्या एका शब्दामागे ८४ पीएस गेले आहेत हे घेणाऱ्याला कळायला हवं.

पेट्रोलचाही यात हात आहे. टर्बो इंजिनात दाब जास्त, त्यामुळे कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाब कमी सोसणारं, पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठोके बसणं, सुरू होतं. मग ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद उतरते. युरोपात साधं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. आपल्याकडे २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, तेव्हाही साध्या पेट्रोलची किमान पातळी ९१ चीच होती. २००४ मध्ये इथे आलेली स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया व्हीआरएस १५० पीएसची होती, युरोपातली १८० ची.

पूर्ण तयार गाडी न्हावा-शेवासारख्या बंदरात उतरवायची तर आयात शुल्कच भरमसाट लागतं. २०१८ पासून एका कंपनीला वर्षाला २५०० गाड्या इथली पूर्ण चाचणी न करता आणता येतात, फक्त त्या युरोप किंवा जपानच्या निकषांना उतरलेल्या हव्यात. २०२५ मधली फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय याच वाटेने आली. पहिल्या खेपेत १५० गाड्या, किंमत ५३ लाखांच्या घरात.

आणि फॅक्टरी अपग्रेड, म्हणजे कंपनीकडूनच ताकद वाढवून घेणं? अबार्थ ५०० (फियाट ५०० ची वेगवान आवृत्ती) घेतली की युरोपात डीलरकडून ‘एसेएसे’ किट बसवता यायचं. ते लाकडी खोक्यातून यायचं आणि १३५ पीएसचे १६० करायचं, तेही कंपनीच्या हमीसकट. जर्मनीत असा भाग तपासून कागदपत्रांत चढवता येतो. कॅलिफोर्नियात भागाला तिथल्या हवा मंडळाचा सूट-क्रमांक लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून आरसीवरची नोंद वेगळी पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्यामुळे रीमॅप, म्हणजे ताकदीसाठी ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये केलेले बदल, होतात ते गुपचूप, आणि अपघात झाला की विम्याचा प्रश्न उभा राहतो.

सीएनजी किटला मात्र रस्ता आहे. मंजूर किट, अधिकृत ठिकाणी बसवणं, मग आरटीओत आरसीवर नोंद. ठाण्यातले रिक्षा आणि टॅक्सीवाले यातून रोज जातात. ब्रेक, टायर आणि धूर तपासून ताकदीच्या किटलाही हाच रस्ता खुला करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.