भिंतीवरचं नाव: माणूस हरवला, की दफनभूमी सुटली?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पलटणीशी नातं नसलेलं गाव सहसा सापडत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी पार मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. त्यात कामी आलेल्यांची नावं आता मोबाइलवर शोधता येतात. दोन्ही महायुद्धांतल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि शेवटी एक ठिकाण मिळतं. घोटाळा होतो तो त्या ठिकाणापाशी. ‘दफन किंवा स्मरण’ असा तिथे एकच रकाना आहे. त्यात दफनभूमीचं नाव असेल तर प्रश्न मिटला. स्मारकाचं नाव असेल तर घरची मंडळी समजून चालतात की पणजोबांचा पत्ताच लागला नाही. पुष्कळदा ते खरंही असतं, पण दर वेळी नाही.

स्मारकाच्या भिंतीवर नाव जाण्याची दोन अगदी वेगळी कारणं आहेत. पहिलं सगळ्यांना माहीत असतं: माणूस लढाईत पडला आणि त्याला कुठे पुरलं ते कुणालाच सांगता येत नाही. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. शिपाई छावणीत किंवा इस्पितळात वारला, त्याला रीतसर मूठमाती मिळाली, दफनभूमीच्या वहीत क्रमांकासह नोंद झाली. पुढे पलटण हलली, छावणी ओसरली, दूरच्या गावातल्या चार-दोन कबरी कायम राखणं आयोगाला जमेना. मग ती जागा सोडून देण्यात आली आणि नाव दुसऱ्या शहरातल्या स्मारकावर कोरलं गेलं. पहिल्या प्रकारात माणूस हरवलेला असतो. दुसऱ्या प्रकारात तो जिथल्या तिथेच असतो, त्याची राखण तेवढी संपलेली असते.

दुसरा प्रकार पाहायचा तर बेळगावहून सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे पुण्याजवळची खडकी. तिथल्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींच्या कायमच्या देखभालीची हमी देता येत नव्हती, त्या एकत्र आणण्यासाठीच ही दफनभूमी तयार झाली. इथे अवशेषच हलवले गेले, म्हणून दगडाखाली माणूस आहे. त्याच आवारात १९१४–१८ चं स्मारक आहे आणि त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. ही माणसं बेपत्ता नव्हेत. भारत आणि पाकिस्तानातल्या नागरी व छावणीच्या दफनभूमींत ती पुरलेली आहेत. त्यांच्या कबरी नीट राखता येत नाहीत, म्हणून फक्त नावं खडकीला आली. त्यातही एक पोटभेद आहे. या नावांपैकी ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून खडकीत आणून पुन्हा पुरले गेले. म्हणजे एकाच स्मारकावरच्या दोन शेजारच्या नावांपैकी एकाचा देह त्याच आवारात आणि दुसऱ्याचा शेकडो मैलांवर असू शकतो. नुसतं नाव वाचून ते कळत नाही.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तर दोन्ही प्रकार एकाच दगडावर मिसळले आहेत. तिथे १३,३०० हून जास्त नावं कोरलेली आहेत. त्यातले बहुतेक वायव्य सरहद्दीवर किंवा तिच्या पलीकडे आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडले. त्यांची कबर ठाऊक नाही. पण हजाराहून थोडे अधिक जण सिंधू नदीच्या पश्चिमेकडच्या दफनभूमींत पुरलेले आहेत. तिथे देखभाल शक्य नव्हती, म्हणून त्यांची नावं दिल्लीत आली.

आता पहिला प्रकार. आपल्या भागातल्या घरांचा संबंध बहुतेक याच्याशीच येतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. मेसोपोटेमियातल्या कूत शहराला तुर्की फौजेने घातलेला वेढा डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ चालला आणि ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी त्यात अडकल्या होत्या. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारकाचं अनावरण झालं. पण त्या भिंतीवर आपल्या पणजोबांचं नाव शोधू नका. ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं तिथे कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा तेवढा घातला. त्यांची नावं स्मारकाच्या नोंदवहीत राहिली. इराकमधल्याच अमारा शहरात, टिग्रिस नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे सुमारे ५,००० जणांचं स्मरण केलं जातं आणि त्यांतल्या फक्त नऊ जणांची ओळख पटलेली आहे, कारण लष्कराने दफनाच्या पुरेशा नोंदीच ठेवल्या नाहीत. मृत्यूनंतर हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही, हे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या याच आयोगाचं तत्त्व होतं. छावणीत वारलेल्या गोऱ्या शिपायाची जागा सोडावी लागली तेव्हा त्याचं नाव अक्षरन् अक्षर कोरून दुसरीकडे नेलं. आमच्या माणसाच्या वाट्याला आकडा आला. हा अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाच्याच समितीने तो मान्य केला. किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत सैनिकांचं नावानिशी किंवा कसलंच स्मरण झालं नाही, असं त्या अहवालात आहे, आणि आयोगाने माफीही मागितली. बसऱ्याच्या भिंतीने गाळलेलं नाव गावातल्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर कोरायला अहवालाची वाट पाहायची गरज नाही. आपल्या शिवारातले वीरगळ हेच तर करत आले आहेत: खाली देह नसला तरी पडलेल्या माणसाची आठवण गावात उभी असते.

भिंत दिसली की स्मारकच, असंही मात्र नाही. अमाऱ्याच्या मोठ्या युद्ध दफनभूमीत ४,६०० हून जास्त कबरी आहेत, पण जमिनीतल्या क्षारांनी दगड झपाट्याने झिजू लागल्यामुळे १९३३ मध्ये सगळे दगड काढून टाकले आणि नावांची एक भिंत बांधली. तिथे भिंतीवरचं नाव म्हणजे त्याच आवारातली कबर.

आणि आपल्या हिंदू शिपायांच्या बाबतीत कबरीचा प्रश्नच पुष्कळदा गैरलागू असतो. इटलीत सांग्रो नदीच्या दफनभूमीतलं दहन स्मारक पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं आहे. त्यांचा अंत्यविधी अग्नी देऊन झाला. ते बेपत्ता नाहीत आणि त्यांची दफनभूमी सुटलेलीही नाही. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांचं नाव मात्र कसिनोच्या स्मारकावर, कबर ज्ञात नसलेल्यांत आहे.

नोंद हातात आली की ठिकाणाच्या पुढचा क्रमांक पाहा. प्लॉट, ओळ आणि कबर असा क्रमांक असेल तर ती कबर. ‘पॅनेल’ किंवा ‘फेस’ असेल तर ती भिंत. भिंत असेल तर पुढची ओळ सोडू नका. सुटलेल्या दफनभूमीतल्या माणसाच्या नोंदीत मूळ दफनभूमीचं नाव, कधी कधी कबरीचा क्रमांकसुद्धा, दिलेला असतो. क्वेट्ट्याच्या सरकारी दफनभूमीच्या अशा नोंदी आहेत. मूळ जागा भारतात असेल तर तिथे जाता येतं, दगड नसला तरी. अशी ओळ नसेल आणि स्मारक बसऱ्याचं असेल तर माणूस बहुधा खरोखरच हरवलेला आहे. एखाद्याचे अवशेष पुढे ओळखता आले तर त्याला नावाची कबर मिळते आणि भिंतीवरचं नाव काढलं जातं.

तारखाही तपासा. आयोगाची जबाबदारी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृत्यूंपुरतीच आहे. त्याआधीच्या छावणीतल्या कबरी आयोगाच्या यादीत सापडणार नाहीत, आणि १९४७ नंतर देशासाठी पडलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत. ते २०१९ मध्ये उभं राहिलं.