गिटार कानाला उशिरा येते की ट्रॅकवर उशिरा बसते?

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये खरा ॲम्प मोठ्याने वाजवायची सोय नाही. रात्री साडेनऊलाच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो. म्हणून इकडचे बरेच गिटारवाले इंटरफेसमध्ये (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीत) केबल लावतात आणि डिस्टॉर्शन, कॅबिनेट, डिले सगळं कॉम्प्युटरकडून करून घेतात. मग दोन तक्रारी सुरू होतात. एक, तार छेडली की आवाज जरा मागाहून येतो. दुसरी, वाजवताना सगळं जागच्या जागी वाटलं, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर गिटार ड्रमच्या मागे रेंगाळतेय. दोन्हींना आपण लेटन्सी म्हणतो आणि दोन्हींवर एकच उतारा करतो: बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा गठ्ठा) कमी कर. दुसऱ्या तक्रारीसाठी हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ऐरोलीच्या ऑफिसात तुम्ही खरोखर उशिरा पोहोचणं वेगळं, आणि वेळेवर पोहोचूनही पंचिंग मशीनचं घड्याळ चुकल्यामुळे उशिराची नोंद होणं वेगळं. लोकल कितीही आधीची पकडली तरी मशीनचं घड्याळ सुधारत नाही.

आधी कानाला जाणवणारा उशीर घेऊ. गिटारचा सिग्नल इंटरफेसमध्ये आकड्यांत बदलतो, यूएसबीवरून कॉम्प्युटरमध्ये जातो, ॲम्पच्या प्लगइनमधून (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममधून) फिरतो आणि त्याच वाटेने परत हेडफोनला येतो. या एकेका आकड्याला सॅम्पल म्हणतात, आणि कॉम्प्युटर हे काम सॅम्पलच्या गठ्ठ्यांनी करतो. गठ्ठा भरेपर्यंत थांबणं आलंच. सेकंदाला 48,000 सॅम्पल धरले, तर 128 चा बफर म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, म्हणजे 5.3. त्यावर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हर (इंटरफेस आणि कॉम्प्युटरमधला दुभाषा प्रोग्राम) आपापले थोडे मिलिसेकंद चढवतात. तोच बफर 512 केला की नुसत्या दोन गठ्ठ्यांतच 21 मिलिसेकंद जातात, आणि वेगवान पिकिंग करणाऱ्याच्या हाताला ते लगेच कळतं.

हा आकडा शून्य करायच्या मागे लागू नका. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. खऱ्या ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहिलात तरी 10 मिलिसेकंद उशीर होतोच. (ठाण्यातल्या वन बीएचकेत साडेतीन मीटर मागे सरकायचं तर जिन्यात जावं लागेल, ते सोडा.) जाऊन-येऊन दहाच्या आत आलं की मी तरी पुढे खटपट करत नाही.

विंडोजवर खरा फरक बफरच्या आधी ड्रायव्हर पाडतो. स्टाइनबर्गने 1997 मध्ये आणलेला आसिओ हा ड्रायव्हरचा प्रकार विंडोजच्या नेहमीच्या ऑडिओ व्यवस्थेला वळसा घालून थेट इंटरफेसशी बोलतो. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर असेल तर तोच टाका. नसेल तर आसिओफोरऑल चालतो, पण तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर घातलेला सदरा आहे, एवढं ध्यानात असू द्या. सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्टसाउंड, म्हणजे विंडोजची नेहमीची वाट, निवडलेलं ठेवून बफरशी झटापट करण्यात अर्थ नाही. मॅकवाल्यांना हा ताप नाही, कोअर ऑडिओ पुरतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र कुठेही नको. त्यांचा स्वतःचाच उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

एक चोर हमखास नजरेतून सुटतो. मास्टर ट्रॅकवर, जिथे सगळे ट्रॅक एकत्र येतात, लुकअहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू यासारखा प्लगइन बसलेला असेल, तर तो पुढचं पाहण्यासाठी सगळा आवाज अडवून धरतो. बफर 64 वर आणला तरी गिटार चिकट वाटते ती यामुळे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एफएक्सच्या (इफेक्टच्या) खिडकीत खालच्या पट्टीवर किती सॅम्पल अडकलेत ते दिसतं. रेकॉर्डिंगपुरते असे प्लगइन बंद ठेवा. बफर फार उतरवला की कडकड सुरू होते. तेव्हा वायफाय बंद करा, चार्जर लावा, जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचे प्लगइन सतत चालावे लागत नाहीत. मिक्सिंगला बसलात की बफर खुशाल 1024 करा, तेव्हा कोणी वाजवत नसतं. सॅम्पल रेट 96,000 केला तर तेवढ्याच बफरचा वेळ अर्धा होतो हे खरं, पण प्रोसेसरवरचं ओझं जवळपास दुप्पट होतं. साध्या लॅपटॉपवर हा सौदा मला पटत नाही.

आता ट्रॅकवरचा उशीर. नेरूळच्या माझ्या भाच्याचा फोन आला: "मामा, बफर 64 वर आणला, तरी गिटार मागेच पडतेय." मी विचारलं, "कानाला मागे की स्क्रीनवर?" तो थबकला. मग म्हणाला, "वाजवताना मस्त वाटतं. नंतर ऐकलं की मागे." म्हणजे घड्याळ मशीनचं चुकलेलं.

इथे घडतं ते असं. सॉफ्टवेअर ड्रम वाजवतं, ते तुमच्या कानाला थोडे उशिरा पोहोचतात. तुम्ही त्यांच्यावर बरोबर वाजवता, आणि तुमचा सिग्नल आत जायला आणखी वेळ लागतो. हा दोन्हीकडचा उशीर सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारून घेतं आणि रेकॉर्ड झालेला तुकडा तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढून जागेवर बसवतं. रीपरमध्ये वर उजव्या कोपऱ्यात मिलिसेकंदांचे दोन आकडे दिसतात, ते ड्रायव्हरने सांगितलेले. पण ड्रायव्हर कन्व्हर्टरचा किंवा यूएसबीचा वेळ धरायला विसरला, तर तुकडा तेवढाच उशिरा बसतो. दरवेळी, ठरलेल्या अंतराने. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तर हा आकडा ठोकळ्याने उणे 130 मिलिसेकंद धरलेला असतो. तुमच्या यंत्राला तो लागू पडेलच असं नाही.

मोजायला एक केबल पुरते. इंटरफेसच्या मागच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच लाइन इनपुटला लावा. डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जाणारा आवाज) बंद, ट्रॅकचं मॉनिटरिंग (सॉफ्टवेअरमधून फिरून येणारा आवाज) बंद. नाहीतर आवाज गोल गोल फिरून स्पीकर किंचाळेल. एका ट्रॅकवर टिकटिक ठेवा, दुसऱ्यावर ती रेकॉर्ड करा आणि दोन्ही लहरींचे शेंडे वेगळे दिसेपर्यंत झूम करा. भाच्याच्या लॅपटॉपवर दुसरा शेंडा 96 सॅम्पल उजवीकडे होता, म्हणजे 48,000 ला बरोबर 2 मिलिसेकंद. कानाला एवढं एकट्याने खटकत नाही, पण रीॲम्पिंग करून (रेकॉर्ड केलेली कोरी गिटार पुन्हा ॲम्पमधून वाजवून) मूळ ट्रॅकमध्ये मिसळलं, की आवाज पोकळ होतो. हा आकडा रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेट म्हणून भरायचा. अधिक की उणे, यात प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी. चाचणी पुन्हा करा, अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं पडलंय. इंटरफेस, ड्रायव्हर किंवा सॅम्पल रेट बदलला की पुन्हा मोजायचं.

दोन्ही उशीर एकमेकांत मिसळतात तिथे खरी गंमत आहे. समजा बफर मोठा आहे आणि बंद हेडफोनमधून तुम्ही फक्त प्लगइनमधून येणारी गिटार ऐकताय. कानाला ती 25 मिलिसेकंद मागे वाटते. हात शहाणे असतात. ते नकळत तेवढं आधी वाजवू लागतात, म्हणजे कानात ड्रमशी जुळतं. सॉफ्टवेअर मात्र आपलं ओढायचं काम इमाने इतबारे करतं, आणि रेकॉर्डिंग ड्रमच्या पुढे जाऊन बसतं. कानाला उशीर, ट्रॅकवर घाई! अशा वेळी ऑफसेटचे आकडे फिरवत बसलात तर सगळाच विचका. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरची चाल आणखी वेगळी: मॉनिटरिंग चालू असेल तर ते मुळात कानाने ऐकलं तसंच बसवतं. त्यामुळे रीपरवाल्या मित्राने सांगितलेला आकडा तिथे डोळे झाकून भरू नका.

म्हणून लहर क्लिकच्या उजवीकडे आणि सगळीकडे सारखीच सरकलेली दिसली, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. डावीकडे आणि कमी-जास्त सरकलेली असेल, तर तुमचे हात उशीर भरून काढत होते. पहिल्या प्रकारात जुने टेकही वाचतात: सगळे तुकडे एकदम निवडून मोजलेले सॅम्पल (भाच्याच्या बाबतीत 96) डावीकडे सरकवले की काम झालं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक स्वर वेगळा सरकलेला असतो. बफर उतरवून किंवा डायरेक्ट मॉनिटरवर कोरी गिटार ऐकत तो टेक नव्याने वाजवायचा.