मोबाइल सिग्नल बूस्टर: परवानगी कोणाला मिळते आणि आपण अर्ज कुठे करायचा

‘बूस्टर लावायला कुठला फॉर्म भरायचा?’ असं सोसायट्यांचे सेक्रेटरी सारखे विचारतात. असा फॉर्मच नाही. मोबाइलचा सिग्नल वाढवणारा रिपीटर, म्हणजेच बूस्टर, बसवायचा अधिकार फक्त परवानाधारक दूरसंचार कंपन्यांना आहे. 1933 च्या कायद्यापासून परवान्याशिवाय वायरलेस यंत्र जवळ बाळगायला मनाई आहे आणि 2023 चा दूरसंचार कायदाही तेच सांगतो. जानेवारी 2022 मध्ये दूरसंचार विभागाने पुन्हा बजावलं, की खासगी व्यक्तीने बूस्टर विकणं, घेणं, लावणं बेकायदा आहे. तरीही दोन अँटेना, केबल आणि डबा असा संच ऑनलाइन सर्रास मिळतो. विक्री रोखायचं काम यंत्रणेचं, पण अडकतो तो घेणारा.

विक्रेत्याने दाखवलेल्या ‘ईटीए’ प्रमाणपत्रावर विसंबू नका. ती उपकरणाच्या मॉडेलला दिलेली मान्यता असते, तुम्हाला मिळालेला परवाना नव्हे. वाय-फाय रिपीटरची गोष्ट वेगळी. तो परवानामुक्त लहरींवर चालतो, मान्यताप्राप्त मॉडेल घरी खुशाल लावा. ब्रॉडबँड असेल तर आधी फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू करून बघा. एका फ्लॅटपुरता प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिटतो.

बंदी उगाच नाही. स्वस्त बूस्टर फोनच्या सिग्नलबरोबर नको असलेल्या लहरींचा गोंगाटही टॉवरकडे ढकलतो. छतावरचा आणि घरातला अँटेना जवळजवळ असले तर तो स्वतःचाच सिग्नल पुन्हा पुन्हा वाढवत बसतो, आणि शेजारच्या इमारतीतले कॉल तुटायला लागतात.

मग करायचं काय? कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) लिहून ठेवा. तक्रारी बंद होतात त्या ‘नेटवर्क येत नाही’ एवढंच लिहिल्यामुळे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘सिम स्टेटस’खाली सिग्नलचा आकडा डीबीएम या एककात दिसतो; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. ‘तिसरा मजला, जिन्यात उणे 92, मागच्या खोलीत उणे 117, 4जी, रात्री नऊ’ असं लिहिलं की ‘नेटवर्क सामान्य आहे’ म्हणून हात झटकणं अवघड जातं.

पुढची पायरी कंपनीच्याच अपील प्राधिकरणाची. शुल्क नाही, निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. इथे मुदत हमखास चुकते. अपिलाचे 30 दिवस तक्रार सोडवायची ठरलेली मुदत संपल्यापासून मोजतात. कंपनीचं पत्र येईल म्हणून थांबलेले लोक मुदत घालवून बसतात, तसं करू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाकडे धाव घेण्यातही वेळ जातो, कारण ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. अपिलातही दाद लागली नाही, तर दूरसंचार विभागाचा 1063 क्रमांक किंवा केंद्राचं तक्रार पोर्टल आहे.

तळघर, पार्किंग, लिफ्टसाठी सोसायटीने कंपनीकडे इमारतीतल्या कव्हरेजची लेखी मागणी करावी. नोंदणी प्रमाणपत्र, पत्ता, नकाशा यांत अडचण येत नाही. अडतं ते सर्वसाधारण सभेच्या ठरावावर. सेक्रेटरीच्या सहीचं पत्र पुरेल असं धरून चालू नका. गच्चीवरची जागा, केबलचा मार्ग, विजेचं बिल कोण भरणार आणि यंत्र काढायचं झालं तर काय, हे सगळं ठरावात लिहून घ्या, म्हणजे पुन्हा सभा बोलवावी लागणार नाही. आणि पत्र प्रत्येक कंपनीला वेगळं द्या. एकीच्या रिपीटरचा दुसरीच्या ग्राहकांना सहसा उपयोग होत नाही.