मादाम क्युरी, रेडियम आणि दोन तिकिटं

पुण्यात पोस्टाची तिकिटं जमवणारे खूप लोक आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे फ्रेंच इंडियाचा अल्बम असेल तर त्यात 1938 चं एक निळं तिकीट नक्की शोधा, पियर आणि मारी क्युरी या नवरा-बायकोचं. रेडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या शोधाला 40 वर्षं झाली म्हणून फ्रान्सने आणि त्यांच्या वसाहतींनी ते काढलं होतं, आणि पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांकडे असल्यामुळे तिथलंही निघालं. किंमत 2 फनम 12 काश (ही तिथली तेव्हाची नाणी), वर 20 काश जादा, आणि ते जादाचे पैसे कॅन्सरविरुद्धच्या कामासाठी.

आता 40 वर्षं म्हणजे 1898 पासून मोजली. पण 1898 मध्ये रेडियम कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता! पिचब्लेंड नावाच्या खनिजातून, त्यातल्या युरेनियमच्या मानाने, जेवढं रेडिएशन (किरणोत्सार) यायला पाहिजे त्यापेक्षा बरंच जास्त येतंय हे मादामच्या लक्षात आलं, म्हणजे युरेनियमशिवाय आत अजून काहीतरी आहे. मग रासायनिक पद्धतीने एकेक घटक वेगळा करत गेले आणि प्रत्येक वेळी कुठल्या भागात किरणोत्सार जास्त आहे ते इलेक्ट्रोमीटर नावाच्या विद्युत-मापकावर मोजत गेले. जुलैत पोलोनियम हे एक नवं मूलद्रव्य जाहीर झालं, डिसेंबरमध्ये रेडियम. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे पदार्थाच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, दमार्से या शास्त्रज्ञांना कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याची नसलेली एक रेषा दिसली, हा मोठा पुरावा.

पण केमिस्ट लोक म्हणणार, अणुभार, म्हणजे त्याचा अणू किती जड आहे, ते दाखवा. आणि खरी मेहनत इथून सुरू होते, मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. पॅरिसमधली गळकी शेड, खाणीतून आलेला टनावारी गाळ, एका वेळी 20 किलोपर्यंत माल उकळत ठेवायचा आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्याने ढवळत राहायचं. रेडियम त्या गाळातल्या बेरियम या आपल्यासारख्याच धातूला इतकं चिकटून राहतं की सहज वेगळं होत नाही, पण रेडियमचं क्लोराइड जरा कमी विरघळतं, त्यामुळे द्रावण थंड झालं की खडीसाखरेसारखे जे पहिले खडे धरतात त्यात रेडियम थोडं जास्त असतं. ते खडे घ्यायचे, परत विरघळवायचे, परत थंड करायचे, परत तेच. 1902 मध्ये हातात आलं फक्त दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड, आणि अणुभार निघाला 225. आज आपण 226 धरतो, म्हणजे त्या शेडमध्ये केवढं अचूक काम झालं बघा.

शुद्ध धातू मिळाला 1910 मध्ये, दबिएर्न या केमिस्टबरोबर काम करून. पियर 1906 मध्येच घोडागाडीच्या अपघातात गेले होते.

आपल्या भारताचं तिकीट 1968 चं, 20 पैशांचं, मादामच्या जन्मशताब्दीनिमित्त. त्यावर त्यांच्याबरोबर रेडियमचे उपचार दाखवलेत. चांगलंच आहे, पण मला तिथे ती शेड आणि तो दांडा पाहायला जास्त आवडलं असतं.